कडीवरची कुंभारीण

मागच्या दाराची कडी निघेना म्हणून वाकून बघितलं, तर कडी आणि चौकट मिळून एकच चिखलाचा गोळा झालेला. पहिला संशय गल्लीतल्या पोरांवर. शेजारच्या अण्णांच्या नातवाला दोन शब्द ऐकवूनही झाले. तेवढ्यात खरी गुन्हेगार कानाजवळून गुणगुणत आली आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता गोळ्यावर बसली. तोंडात ओल्या मातीची गोळी, पाय पिवळेजर्द आणि कंबर अशी की आता तुटते की मग. कुंभारीण माशी!

आईला दाखवलं. एरवी पाल दिसली तरी केरसुणी उचलणारी आई म्हणाली, "राहू दे तिला. कुंभारणीनं घर बांधलं की घरात पाळणा हलतो." घरात आई पंचाहत्तरीची, मी पन्नाशीचा, बायको माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आणि लेक पुण्यात परीक्षेच्या धामधुमीत. पाळणा नक्की कुणाचा, हे विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही. मागचं दार मात्र बंद झालं. धुण्याची बादली पुढच्या दारातून, घराला वळसा घालून जाऊ लागली.

आम्ही कोल्हापुरात सागरमाळाच्या बाजूला राहतो. विद्यापीठाच्या आवारातले मोर पहाटे ओरडतात, ते आमचं घड्याळ. कुंपणावरून मुंगूस जातं, शेवग्यावर सातभाई येतात आणि दोन तालमींचं जुनं वैर असावं तशी कचाकचा भांडून पुन्हा एकत्रच उडून जातात. यातलं काही मी मुद्दाम बघायला बसलो नव्हतो. कुंभारणीनं मात्र बसवलं. चहाचा कप घेऊन मी मागच्या पायरीवर बसायचो आणि चहाची साय धरायची.

माती ती धुण्याच्या दगडाजवळच्या ओलीतून आणायची. गोळी लावताना तिचा आवाज बदलतो, बारीक किणकिण करत ती माती थापते. एक खोली झाली की बाई शिकारीला. आणते कोळी, आणि तेही मेलेले नव्हेत. नांगी मारून लुळे केलेले, म्हणजे नासायला नकोत. आमचा फ्रिज एक रात्र बंद पडला तर सकाळी दूध फाटतं. हिचा माल आठवडाभर ताजा. कोळ्यांच्या भरतीत एक अंडं, वरून मातीचं झाकण, की शेजारी दुसरी खोली. अळीनं उठावं, खावं, कोश करावा, पंख फुटले की झाकण कुरतडून निघून जावं. आईची भेट नाहीच. सगळ्या खोल्या झाल्यावर तिनं वरून मातीचा एक ओबडधोबड लेप दिला आणि गेली ती गेलीच. मला उगाचच चुटपुट लागली. पोरीला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबा, मी जेवलेय."

या काळात अण्णा रोज यायचे, पण गव्याची गोष्ट सांगायला. डिसेंबर २०२१ मध्ये गवा कोल्हापूरच्या वेशीशी आला होता, तेव्हा अण्णा गर्दीत पुढं होते. राधानगरी-दाजीपूरचं जंगल म्हणजे एके काळचं संस्थानचं शिकारीचं रान, १९५८ पासून गव्यांचं अभयारण्य. तिथला टनाच्या घरातला प्राणी उसाच्या फडांतून वाट काढत येतो, आणि इथं त्याला भेटतात मोबाईल धरलेले हजार हात. त्या वेळी एका तरुण पोराचा जीव गेला. तेवढं सांगताना अण्णांचा आवाज खाली येतो. बाकी गवा दरवर्षी वाढतो. पहिल्या वर्षी तो अण्णांच्या खांद्याला लागत होता, आता आमच्या गच्चीला लागतो. मी म्हटलं, "अण्णा, दारातली कुंभारीण बघा की." ते म्हणाले, "माशी काय बघायची रं? खुळा झालाईस काय?"

तीन-चार आठवडे गेले. एका सकाळी अण्णा गव्याच्या शिंगांपर्यंत आले होते आणि माझं लक्ष कडीकडे गेलं. गोळ्याला बारीक भोक पडलेलं. आत काहीतरी हलत होतं. मी अण्णांचा दंड धरला. आधी डोकं, मग एक पिवळा पाय, मग थांबणं. बराच वेळ थांबणं. अण्णांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि गव्याचं वाक्य अर्धंच राहिलं. अख्खी माशी बाहेर आली, पंख झटकले, चौकटीवर दोन पावलं चालली आणि भुर्रकन गेली. "आयला," अण्णा म्हणाले. एवढंच.

आईनं अजून ती कडी काढू दिलेली नाही, आत आणखी खोल्या आहेत म्हणते. संध्याकाळी दूध आणायला निघालो, तर कट्ट्यावरून अण्णांचा आवाज आला, "माशी म्हणजे काय, ही एवढी! माझ्या अंगठ्याएवढी!"