दिंडी नसलेली वारी

ग्लेंडालॉखच्या सात वाऱ्या केल्या की रोमच्या एका वारीचं पुण्य लागतं, असा आयर्लंडमध्ये जुना हिशेब आहे. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सातच? स्वस्तात आहे की." माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर ती अनेकदा चालली आहे. डब्लिनला आमच्याकडे आली आणि चारच दिवसांत मॉल आणि म्युझियमना कंटाळली. ग्लेंडालॉखचा जुना मठ उभारणाऱ्या सेंट केव्हिन या संताचा दिवस ३ जूनला असतो. त्याच सुमारास एका रविवारी आम्ही दोघी 'सेंट केव्हिन्स वे' चालायला निघालो. हॉलीवूड ते ग्लेंडालॉख, साधारण ३० किलोमीटर. पालखीचा पुणे-सासवड टप्पाही जवळपास एवढाच, आणि त्यात दिवे घाट. त्यामुळे अंतर ऐकून घाबरले ती मीच.

हे हॉलीवूड म्हणजे विक्लो काउंटीतलं एक चिमुकलं गाव. हौसेखातर डोंगरावर पांढऱ्या अक्षरांत नावाची पाटीही उभारली आहे. वरच्या कातळावर केव्हिनचा पुतळा आहे. हा सहाव्या शतकातला संन्यासी याच वाटेने डोंगर ओलांडून पलीकडच्या दोन तळ्यांच्या खोऱ्यात, म्हणजे ग्लेंडालॉखला गेला, असं मानतात.

सुरुवातीचा बराचसा रस्ता डांबरी आहे आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन्हीकडे कुंपणं, पिवळीधमक फुललेली गोर्सची काटेरी झुडपं, मेंढ्या. समोरून ट्रॅक्टर आला की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तो इथला नमस्कार. आत्याने दोन्ही हात जोडून उत्तर दिलं, तेव्हा एकाने थेट ट्रॅक्टर थांबवून कुठून आलात विचारलं. "पंढरपूरकडून," ती म्हणाली. मी भाषांतर करायच्या भानगडीत पडले नाही.

तिला सगळ्यात खटकलं ते एकच. वाटेत कोणी नाही. चहाचं पातेलं नाही, केळी वाटणारं कोणी नाही, पाय चेपून देणारं तर नाहीच. पिवळ्या खुणा केलेले खांब तेवढे वाट दाखवतात. किंग्ज रिव्हरच्या खोऱ्यात जंगल लागतं, पण ते लावलेलं. सिटका स्प्रूसच्या सरळसोट रांगा, मूळचं झाड उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. लाकडासाठी चांगलं, पण खाली इतका अंधार की गवतही उगवत नाही. पक्ष्यांचा आवाजही तुरळक. मला असली जंगलं आवडत नाहीत. आत्याने मात्र तिथेच बैठक मारली, डब्यातल्या दशम्या काढल्या आणि म्हणाली, "अगं, सावली आहे ना, मग झालं."

मग चढ. विक्लो गॅप ही खिंड पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथली जमीन म्हणजे दलदल. वर काळपट, आत पाणी मुरलेलं, पाऊल टाकलं की हळूच खाली जाणारी. म्हणून वाटेच्या काही भागात लाकडी फळ्या टाकल्या आहेत. जूनमध्ये सगळीकडे बॉग कॉटन या दलदलीतल्या गवताचे पांढरे गोंडे डुलत असतात. आत्या "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणत फळ्यांवर ठेका धरून चालत होती, आणि मी तिच्या मागे धापा टाकत.

खिंडीजवळ टर्लॉक हिल आहे. १९७४पासून इथे डोंगराच्या पोटात वीजघर आहे. विजेची मागणी कमी असली की खालच्या तळ्याचं पाणी पंपाने डोंगरावरच्या जलाशयात चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडून २९२ मेगावॉट वीज काढायची. तिथून उताराला लागलं की ग्लेंडासन खोऱ्यात यात्रेकरूंच्या जुन्या फरसबंद रस्त्याचे दगड दिसतात. शिशाच्या खाणींचे पडके अवशेषही तिथेच. १९५७पर्यंत इथे खाणकाम चालू होतं. खाणकामगार आणि यात्रेकरू यांनी एकच खोरं वापरलं, हे मला उगीचच आवडलं.

ग्लेंडालॉखच्या माहिती केंद्रात एक मोठा दगड ठेवलाय. १९०८ मध्ये हॉलीवूडजवळ सापडला. त्याच्यावर कोरलेलं भुलभुलैयाचं वर्तुळ बघून आत्या जागच्या जागी थांबली. "हा तर चक्रव्यूह." खरंच तोच आकार. तो यात्रेच्या वाटेवरची खूण असावा, असं मानतात.

मठाच्या आवारात दुहेरी कमानीच्या दरवाजातून शिरायचं. आत उजव्या हाताच्या भिंतीत क्रूस कोरलेला दगड आहे. इथवर पोचलेल्याला आश्रय मिळायचा, मग तो गुन्हेगार का असेना. पुढे गोल मनोरा, सुमारे ३० मीटर उंच, आणि त्याचं दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर. शिडी लावून चढायचं. वरचं शंकूसारखं छप्पर १८७६ मध्ये मूळचेच दगड वापरून पुन्हा बांधलं. १३९८ मध्ये इंग्रजांनी हा मठ उद्ध्वस्त केला, तरी लोक यायचे थांबले नाहीत.

केव्हिनच्या गोष्टी खूप. प्रार्थनेसाठी पसरलेल्या हातावर ब्लॅकबर्डने अंडी घातली, तर पिल्लं बाहेर येईपर्यंत तो हलला नाही. आत्याला हे लगेच पटलं. "वाल्मीकींवर वारूळ, ह्याच्या हातात घरटं." पण मागे लागलेल्या बाईला त्याने तळ्यात ढकललं, ही दुसरी गोष्ट एका गाइडकडून ऐकल्यावर तिचा चेहरा बदलला. "मग संत कसला गं तो?" नदीपलीकडे एक खळगा पडलेला दगड आहे. आई गेलेल्या जुळ्या बाळांसाठी एक हरिणी रोज त्या खळग्यात दूध सोडून जायची म्हणे. आत्ता त्यात पावसाचं पाणी आणि नाणी. आत्याने त्यात एक युरो टाकला, बाळांसाठी.

इथे १९व्या शतकापर्यंत ३ जूनला 'पॅटर्न' भरायचा, म्हणजे यात्रा आणि जत्रा एकत्र. ऑस्कर वाइल्डचे वडील विल्यम वाइल्ड यांनी त्याचं वर्णन केलंय. लोक थडग्यांमध्येच तंबू ठोकायचे, चुली पेटवायचे, पहाटे लेकरं कडेवर घेऊन नदीतून गुडघ्यांवर चालायचे. शेजारी नाच, दारू, पैसे लावून हातचलाखीचे खेळ. संध्याकाळी दोन गटांची काठ्या घेऊन मारामारी. १८६२ मध्ये आर्चबिशप पॉल कलन यांनी ही जत्रा बंद पाडली. मारामारी थांबली ते बरंच झालं. पण तिच्यासोबत चुलीही विझल्या, गाणारे-वाजवणारे गेले, आणि ३० किलोमीटरच्या वाटेवर पाणी विचारायलाही कोणी उरलं नाही. गोंधळ सोडून फक्त भक्ती ठेवू म्हटलं की भक्तीही घरी निघून जाते, असं माझं मत. आमच्याकडे पालखीच्या गर्दीला नावं ठेवणाऱ्यांनी ही वाट एकदा चालून बघावी.

वरच्या तळ्यापाशी मात्र रविवारची तोबा गर्दी होती. इथे ओकची जुनी झाडी उरली आहे, तीही खाणींच्या कोळशासाठी पुन्हापुन्हा तोडून पुन्हा वाढलेली. काठावर पोरं भिजत होती, कुत्री भुंकत होती, पार्किंगमध्ये जागेवरून दोन कुटुंबांची हमरीतुमरी चालली होती. खाण्याच्या टपरीपुढे लांबच लांब रांग. आत्या खूश. "हं, आता जरा जत्रा वाटतेय," म्हणून तिने मला रांगेत उभं केलं आणि स्वतः बूट काढून गवतावर बसली. मी चिप्स घेऊन आले तेव्हा शेजारच्या आजीबाई तिला स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यावर बोट ठेवून काहीतरी सांगत होत्या, आणि आत्या त्यांना मराठीतच तेल कोमट करून कसं लावायचं ते समजावत होती.