ळ दुबईला निघाला

आमच्या मसाल्या-लोणच्यांच्या ब्रँडचं नाव इथे लिहीत नाही, ट्रेडमार्कच्या अर्जाचा निकाल अजून यायचाय. त्यात ळ आहे एवढंच सांगते, कारण त्या दिवसाची सगळी रामकहाणी या एका अक्षराची आहे.

2024 चा ऑक्टोबर. म्हार्दोळच्या घरी सकाळी बरण्यांना झाकणं लावत बसले होते, तेवढ्यात दुबईच्या आयातदाराचा मेसेज आला. पहिली खेप ठरत आली होती. "मॅडम, तुमचं नाव इकडे आमच्या कंपनीतर्फे आम्हीच रजिस्टर करून टाकतो. तुम्हाला कटकट नको."

खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. आईला वाचून दाखवलं. ती मिरच्यांची देठं काढत होती, मान वर न करता म्हणाली, "म्हणजे मसाला आपला आणि नाव त्याचं?"

अकरा वाजता आम्ही दोघी पणजीला, पाटोवर वकीलबाईंच्या समोर. मी आमचं 2019 सालचं ट्रेडमार्क रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट घेऊन गेले होते, मोठ्या ऐटीत, प्लास्टिकच्या कव्हरात घालून. बाईंनी पहिल्या वाक्यात ऐट उतरवली: भारतातली नोंदणी भारताच्या हद्दीत संपते.

मग माद्रिद, म्हणजे एकाच अर्जावर अनेक देशांत ट्रेडमार्क मागायची आंतरराष्ट्रीय व्यवस्था. भारत 2013 साली या व्यवस्थेत आला, अमिराती 2021 च्या डिसेंबरात. आपल्याच ट्रेडमार्क कार्यालयामार्फत एक अर्ज जिनिव्हाला, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातो आणि त्यात हवे ते सदस्य देश निवडता येतात. मूळ फी 653 स्विस फ्रँक, चिन्ह रंगीत असेल तर 903. शिवाय प्रत्येक देशाची फी वेगळी, आणि आपल्या कार्यालयाचे हाताळणीचे पाच हजार रुपये. "रंग राहू दे," आई लगेच म्हणाली. लेबलावरच्या ज्या हिरव्यासाठी मी प्रिंटरकडे चार खेपा घातल्या होत्या, तो असा एका वाक्यात गेला. मावसभाऊ कुवेतला असतो म्हणून तेही विचारलं. कुवेत यादीत नव्हतं. तिथे स्थानिक वकील गाठून वेगळा अर्ज करावा लागणार होता. ते आम्ही सोडून दिलं.

अमिराती, ब्रिटन आणि पोर्तुगाल असं ठरत होतं. (ब्रिटनमधल्या स्विंडनला गोंयकार किती आहेत ते गोव्यात कुणालाही विचारा.) एवढ्यात बाईंनी सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "बाटली आणलीय का?"

पिशवीत होती. बाटलीवर नाव रोमन अक्षरांत, मोठं. देवनागरी वर कोपऱ्यात, कुंकवाच्या टिकलीएवढं. सर्टिफिकेटवर फक्त देवनागरी, भाचीने हौसेने काढून दिलेलं.

"माद्रिदला चिन्ह जसंच्या तसं लागतं," बाई म्हणाल्या. "मालक तोच, चिन्ह तेच, माल मूळ अर्जात आहे तेवढाच. उच्चार रोमनमध्ये लिहायला रकाना आहे, पण तो माहितीपुरता. तिथल्या अधिकाऱ्यासमोर जाईल ते हेच चित्र."

म्हणजे पाच वर्षं आम्ही कुलूप लावलं होतं ते देवघराला, आणि दुकान सताड उघडं.

उपाय होता: रोमन नावाचा नवा अर्ज इथे करायचा आणि त्याच्या आधारावर माद्रिदला जायचं. पण पहिली पाच वर्षं आंतरराष्ट्रीय नोंदणी मूळ अर्जाला बांधलेली असते. इथला अर्ज पडला की बाहेरचे देशही पडले. जुनी नोंदणी भक्कम पण उपयोगाची नाही. नवा अर्ज उपयोगाचा, पण उद्या त्यावर हरकत आली तर? बाईंनी मधला रस्ता काढला. नव्या अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत बाहेर अर्ज केला तर तीच तारीख धरली जाते. तेवढ्या मुदतीत इथला तपासणी अहवाल आला तर तो बघून फ्रँक भरायचे.

मग माल. ट्रेडमार्कसाठी मालाचे क्रमांक दिलेले वर्ग असतात. जुन्या अर्जात फक्त मसाला होता, वर्ग 30. लोणचं 29 मध्ये. आगळापाशी गाडी अडली.

"हे पेय आहे का?" बाईंनी विचारलं. त्या बाहेरच्या, गोव्यात येऊन त्यांना दोनच वर्षं झालेली.

"आमटीत घालतात ते पेय कसं?" आई.

"मग मसाला?"

"मसाला नव्हे हो. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या साली मिठात घालून सुटलेला रस तो. सोलकढीला लागतो, माशाच्या हुमणाला लागतो, पित्त उठलं की पाण्यातून देतात. आगळ म्हणजे आगळ!"

जिनिव्हाच्या यादीत 'आगळ म्हणजे आगळ' असा वर्ग नाही. पाऊण तास गेला. शेवटी आंबटपणासाठी वापरायचा म्हणून 30 आणि सरबताचा अर्क म्हणून 32, असं दोन्हीकडे बसवलं. तीन वर्गांचे साडेतेरा हजार. लघुउद्योगाचा उद्यम दाखला होता म्हणून वर्गाला साडेचार हजार, नाहीतर दुप्पट.

आणि मग ळ. खाद्य परवान्यावर रोमन नावात ळ साठी दोन एल, रोमी कोंकणीत लिहितात तसे. बाटलीवर एक. बँकेत पुन्हा दोन. "एकच ठरवा," बाई म्हणाल्या, "आणि सर्वांत जुना पुरावा ज्याचा असेल ते ठरवा. वापर केव्हापासून, ते प्रतिज्ञापत्रावर द्यायचंय."

घरी येऊन कपाट उपसलं. लाडवांच्या जुन्या डब्यात आईचं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं बिलबुक मिळालं, 2017 चं. प्रत्येक पानावर जांभळा रबरी शिक्का, किंचित तिरका. रोमन अक्षरं, एक एल.

"शिक्केवाला दोन एलचे वीस रुपये जास्त सांगत होता," आई म्हणाली.

पानांचे फोटो वकीलबाईंना पाठवले, अर्ज संध्याकाळी सहाच्या आत भरला गेला. रात्री जेवताना आईने विचारलं, त्या दुबईवाल्याला काय कळवलंस? मी फोन तिच्यापुढे धरला. 'सॅम्पलच्या बारा बाटल्या सोमवारी पाठवते. नावाचं आम्ही बघतोय.'