जुना डेटा, नवा सर्व्हर आणि ‘डोंगरदऱ्या’ नावाचे दोन फोल्डर

घरात एक स्वतंत्र सर्व्हर असावा आणि सगळ्यांचे फोटो, कागदपत्रे एकाच जागी असावीत, हा विचार दोन वर्षे मनात घोळत होता; या उन्हाळ्यात तो अमलात आणला. एका जुन्या संगणकात आठ टीबीच्या दोन नव्या हार्ड डिस्क बसवल्या, ट्रूनॅस ही मोफत मिळणारी प्रणाली चढवली आणि एका डिस्कवर लिहिलेले सगळे दुसरीवरही उमटेल अशा मिरर पद्धतीने त्या जोडल्या. हे एका दुपारचे काम होते. तीन जुन्या डिस्कवर विखुरलेला सुमारे साडेतीन टीबी डेटा तिथे हलवायला मात्र सव्वा महिना लागला, आणि त्यात प्रत्यक्ष कॉपी चालू होती ती जेमतेम तीन रात्री.

जुनी डिस्क उचलून नव्या सर्व्हरमध्ये बसवली की तिच्यावरचे सगळे तिथे आपोआप दिसू लागेल, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. सर्व्हर डिस्क स्वतःच्या ताब्यात घेतो तेव्हा तिच्यावर आपली मांडणी नव्याने आखतो आणि आधीचा डेटा पुसला जातो. म्हणून काही जण एक काटकसरीची युक्ती करतात: आधी एकाच नव्या डिस्कवर सर्व्हर उभा करायचा, जुन्या डिस्कवरचा डेटा तिथे उतरवायचा आणि मग तीच जुनी डिस्क पुसून मिररची दुसरी बाजू म्हणून जोडायची. झेडएफएसमध्ये, म्हणजे ट्रूनॅस डिस्कवर जी मांडणी आखते तिच्यात, हे रीतसर करता येते आणि बहुतेक वेळा निभावूनही जाते. परंतु जुनी डिस्क पुसल्यापासून मिरर पूर्ण होईपर्यंतच्या काही तासांत सगळा डेटा एकाच डिस्कवर असतो, तीही नवी, न पारखलेली आणि त्याच वेळी सलग वाचली जात असलेली. एका डिस्कचे पैसे वाचवण्यासाठी एवढा धोका पत्करावा असे मला वाटले नाही, म्हणून दोन्ही डिस्क नव्याच घेतल्या.

नवी डिस्क म्हणजे चांगली डिस्क, हेही मी गृहीत धरले नाही. दोन्ही डिस्कवर स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःची तब्येत तपासण्याच्या सोयीची, दीर्घ चाचणी लावली; एवढ्या क्षमतेच्या डिस्कला तिच्यासाठी अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागतो. जुन्या डिस्कच्या बाबतीत मात्र उलट वागलो. तिघींच्या स्मार्ट नोंदी फक्त वाचल्या. त्यांपैकी एकीच्या नोंदीत ‘पेंडिंग सेक्टर’समोर शून्याऐवजी चोवीस हा आकडा होता, म्हणजे चोवीस जागा वाचताना ती अडखळत होती. अशा डिस्कवर चाचण्या चालवणे म्हणजे दमेकऱ्याला जिना चढायला लावून त्याचा दम मोजण्यासारखे आहे. तिच्यावरचा डेटा सर्वांत आधी, आणि त्यातही मुलीच्या लहानपणीचे फोटो अगदी पहिल्यांदा उतरवून घेतले.

कॉपीसाठी आरसिंक हे आज्ञा लिहून चालवायचे साधन वापरले. विंडोजमध्ये माउसने फोल्डर ओढून टाकले तरी फायली पोहोचतात. पण मध्येच काही अडले तर काय गेले आणि काय राहिले याचा हिशेब लागत नाही, शिवाय फाइल तयार झाल्याची तारीख कॉपी केल्याच्या दिवसाची होऊन बसते. आरसिंक बदलाच्या तारखा जपते, थांबले तर पुढच्या वेळी उरलेल्याच फायली घेते आणि काय करणार आहे ते प्रत्यक्ष काही न करता आधी दाखवू शकते. या रंगीत तालमीला ‘ड्राय रन’ म्हणतात आणि तिनेच मला वाचवले. स्रोत-फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ असेल तर फक्त आतला ऐवज जातो, नसेल तर तो फोल्डरच जातो. मी ती रेघ लावली होती, तिन्ही डिस्कचे ठिकाण एकच दिले होते आणि कुठूनतरी उचललेल्या आज्ञेत ‘डिलीट’ हा पर्याय तसाच राहिला होता. दुसरी डिस्क लावताच पहिलीवरून आलेले सगळे पुसले गेले असते, कारण ते दुसरीवर नव्हते. ड्राय रनच्या यादीत ‘डिलीटिंग’ने सुरू होणाऱ्या ओळींची रांग पाहून कपाळाला घाम आला. पुढे प्रत्येक डिस्कसाठी तिच्या नावाचा वेगळा फोल्डर केला आणि जुन्या डिस्क केवळ वाचता येतील अशाच रीतीने जोडल्या.

वेगाचे गणित सोपे आहे. गिगाबिट केबलवरून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे साडेतीन टीबीला नऊ तास पुरावेत. हजारो बारीकसारीक फायली असल्या की हा वेग पार ढेपाळतो, आणि वायफायवरून हे काम करण्याच्या फंदात पडूच नये. वळवाच्या पावसात एकदा वीज गेली. सर्व्हर यूपीएसवर होता, पण राउटर नव्हता. आज्ञा पुन्हा दिली आणि उरलेले काम पुढे चालू झाले.

खरा वेळ नावांनी खाल्ला. वडिलांना फाइलचे नाव म्हणून पूर्ण वाक्य लिहिण्याची सवय आहे: कोणत्या गावच्या, कोणत्या गटाच्या, कोणाच्या नावावरच्या जमिनीचा सातबारा, कधी आणि कशासाठी काढला, हे सगळे नावातच असते. विंडोजने ते खपवून घेतले होते, कारण तिथे नावाची मर्यादा २५५ चिन्हांची आहे. सर्व्हरवर ती २५५ बाइटची आहे, देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे मोजली जातात. म्हणजे उणीपुरी ८५ चिन्हे झाली की मर्यादा संपली. अकरा फायली आरसिंकने नाकारल्या आणि तसे सांगितलेही. पण मी नोंद वाचली नसती तर ते सातबारे जुन्या डिस्कवरच राहिले असते.

दुसरा प्रकार अधिक फसवा होता. कॉपी झाल्यावर ‘डोंगरदऱ्या’ या एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसू लागले. यात सर्व्हरचा दोष नव्हता. आपला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येतो, ‘र’खाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिता येतो, आणि ‘ऱ्या’सारख्या जोडाक्षरात ‘र’, हलन्त व एक अदृश्य सांधा अशा रीतीनेही उमटतो. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती तीन वेगळी नावे वाटतात. एक फोल्डर मी संगणकाच्या कीबोर्डवर टाइप केला होता, दुसरा फोनवर. दुहेरी समजून त्यातला एक उडवण्याच्या बेतात होतो. उघडून पाहिले तर एकात हरिश्चंद्रगडाचे फोटो होते आणि दुसऱ्यात राजमाचीचे.

पडताळणीसाठी फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळणे मला पुरेसे वाटले नाही. आरसिंकलाच चेकसमच्या पर्यायासह पुन्हा चालवले. तेव्हा ते आकार आणि तारखांवर विसंबून न राहता दोन्हीकडची प्रत्येक फाइल अथपासून इतिपर्यंत वाचून ताडून पाहते. एकही फरक निघाला नाही. तरीही अडखळणाऱ्या डिस्कवरून आलेले सहा फोटो उघडल्यावर खालच्या अर्ध्या भागात राखाडी निघाले. चेकसमने खोटे सांगितले नव्हते: ते जुन्या डिस्कवरच बिघडलेले होते आणि त्या बिघाडाची तंतोतंत नक्कल सर्व्हरवर झाली होती. त्यांपैकी पाच फोटो दुसऱ्या डिस्कवरच्या ‘नवीन फोल्डर (३)’मध्ये धडधाकट सापडले. डेटा हलवण्याआधी दुहेरी फायली काढून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी ऐकला असता तर कोणती प्रत उडवली असती कोण जाणे. आवराआवरी करायचीच असेल तर ती नव्या घरी पोहोचल्यावर करावी. तीही मी आधी स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरवरच्या डेटाच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेऊनच सुरू केली, म्हणजे चुकून काही उडाले तर मागे जाता येते.

मिररमुळे एक डिस्क मेली तरी काम चालू राहते, पण चुकून उडवलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते आणि वीज कोसळली तर दोन्ही डिस्क एकाच खोक्यात असतात. त्यामुळे महत्त्वाच्या फोल्डरांची आणखी एक प्रत काढून बाहेरची एक डिस्क ताईकडे ठेवली आहे. दिवाळीला आणि मे महिन्यात तिची अदलाबदल होते. तिन्ही जुन्या डिस्क, अडखळणारीसुद्धा, न पुसता कपाटात आहेत आणि प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी आहे. सर्व्हर महिन्यातून एकदा सगळा डेटा वाचून तपासतो. असे तीन महिने निर्विघ्न गेले की पहिली डिस्क रिकामी करणार आहे. सहावा फोटो अजून कुठे सापडलेला नाही.