काकूंच्या हाताला दोष नव्हता

सदाशिव पेठेतल्या त्या तळमजल्यावरच्या घरी मला झाडं सुचवायला बोलावलं होतं. काकूंनी आधी मेलेल्या झाडांच्या कुंड्याच पुढे केल्या. अरेका पाम, क्रोटन, लाल पानांचा अ‍ॅग्लोनेमा. ‘माझ्या हातालाच यश नाही गं,’ म्हणाल्या. फार मनाला लावून घेतलं होतं त्यांनी.

मी अरेका कुंडीतून उपसला. कोकोपीट, म्हणजे कुंडीतला नारळाच्या काथ्याचा भुसा, चिंब, मुळं काळी, मऊ, कुजका वास. उजेड कमी असला की झाड अन्न कमी बनवतं आणि पाणीही कमी ओढतं. काकू रोज तांब्याभर घालत होत्या. शेजारचा जुना वाडा पाडून इमारत झाली, तेव्हापासून हॉलच्या खिडकीसमोर भिंत आहे. तरी घर त्यांना अंधारं वाटत नव्हतं. आपल्या डोळ्यांची बाहुली मोठी होते, आपण सरावतो. पानाला ती सोय नाही.

म्हणून मी लक्समीटर काढते, उजेड लक्समध्ये मोजायचं यंत्र. भर दुपारच्या उन्हात तो लाखाच्या आसपास जातो. इथे खिडकीच्या कट्ट्यावर 800, सोफ्याशी 90, देवघराच्या कोपऱ्यात 25. काकू चष्मा लावून बघत राहिल्या. ‘एवढाच?’

अरेकाला ‘इनडोअर’ची चिठ्ठी लावून विकतात, याचा मला मनापासून राग येतो. त्याला भरपूर उजेड लागतो. क्रोटनला तर ऊनच हवं. रंगीत पानात हरितद्रव्य कमी, म्हणून अंधाऱ्या जागी गर्द हिरवं पानच निवडावं.

काकूंना जास्त झाडं हवी होती, मी दोनच सांगितली. खिडकीशी चामेडोरिया पाम. नातू रांगत होता आणि हा पाम विषारी नाही. मनी प्लांट, झेडझेड, अ‍ॅग्लोनेमा यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते. म्हणून दुसरं, झेडझेड, उंच फडताळावर, खिडकीच्या बाजूला. त्याचे कंद पाणी साठवून ठेवतात, विसरलं तरी चालतं. पाणी वारानुसार नाही. बोट दोन पेरं मातीत घालायचं, चामेडोरियाला वरची माती सुकल्यावर, झेडझेडला कुंडी पूर्ण कोरडी झाल्यावरच.

देवघराच्या कोपऱ्यात काहीच जगणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. तिथे हिरवं हवंच असेल तर कुंडीच्या फूटभर वर पांढरा एलईडी दिवा, रोज बारा तास.

त्यांचा जीव मात्र तुळशीत अडकला होता. ‘देवघरापाशी तुळस नको?’ तुळशीला रोज काही तास थेट ऊन लागतं, त्या कोपऱ्यात ती नुसती लांबुळकी होऊन पानं गाळते. गच्चीचे जिने काकूंना चढवत नाहीत. आम्ही दोघी बाहेर जाऊन बघितलं, तर गेटजवळच्या कट्ट्यावर सकाळचं ऊन अकरापर्यंत टिकत होतं. सोसायटीच्या चेअरमनना संध्याकाळीच विचारते, म्हणाल्या.