मुंबईची अफू आणि लुईसचा वाडा

अलापूलहून सुटलेली बोट पावणेतीन तासांनी स्टॉर्नोवेच्या बंदरात शिरली, तेव्हा मी डेकवर उभी होते. वारा इतका की ओढणी कानांभोवती दोन वेढे घेऊन घट्ट बांधली होती. स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या या लुईस बेटाबद्दल निघताना सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, तिथे झाड औषधालाही मिळायचं नाही. आणि समोर डाव्या हाताला तर गर्द झाडी! त्या झाडीतून डोकं वर काढलेला एक करडा वाडा, बुरूज-कंगोऱ्यांसकट.

तोच लूज कासल. मी एवढ्या लांब आले होते ती त्याच्यासाठी.

माझा जन्म जे. जे. हॉस्पिटलचा, बालपण भायखळ्यातलं. शाळेत जाताना रोज त्या फाटकासमोरून जायचे. जमशेटजी जीजीभॉय म्हणजे दानशूर पारशी, एवढंच तेव्हा माहीत होतं. पुढे कळलं की त्यांची दौलत मुख्यतः चीनच्या व्यापाराची, कापसाची आणि अफूची. माळव्यात पिकलेली अफू मुंबईच्या गोदीतून जहाजांवर चढायची आणि कँटनच्या बाजूला ती उतरवून घेणारी पेढी होती जार्डीन मॅथिसन. त्यातल्या जार्डीनशी जमशेटजींची ओळख १८०५ साली झाली. दोघं ज्या जहाजावर होते ते ‘ब्रन्सविक’ फ्रेंचांनी पकडलं. जार्डीन तेव्हा जहाजावरचा डॉक्टर होता. त्या संकटात जुळलेली दोस्ती पुढे लाखोंच्या उलाढालीत बदलली. दुसरा भागीदार जेम्स मॅथिसन. लुईस बेट विकत घेणारा हाच. म्हणजे जे. जे.च्या भिंतींना आणि या वाड्याच्या भिंतींना लागलेला पैसा एकाच वाटेने आला होता, आणि ही गोष्ट कळल्यापासून मला स्वस्थ बसवत नव्हतं.

मॅथिसन लुईसचा नव्हे. १७९६ साली सदरलँड परगण्यात लेर्गजवळ जन्मला. एडिंबरोत शिकला आणि विशीच्या आत काकाच्या पेढीवर कलकत्त्याला आला. तिथली गोष्ट अशी सांगतात की काकाने जहाजाच्या कप्तानाला द्यायला दिलेलं पत्र हा पोरगा विसरला. काका भडकला, म्हणाला, तू घरी परत जा. परतीचं तिकीट काढायला गेला तर त्याच कप्तानाने सुचवलं, कँटनला जाऊन बघ की! पुढची वीस-बावीस वर्षं तो चीनच्या किनाऱ्यावर होता. १८२७ साली त्याने ‘कँटन रजिस्टर’ काढलं, चीनमधलं पहिलं इंग्रजी वर्तमानपत्र. १८३२ साली जार्डीनबरोबर पेढी. १८३९ साली चिनी सरकारने वीस हजारांवर पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यातल्या सुमारे सात हजार एकट्या या पेढीच्या होत्या. त्यावरून युद्ध पेटलं, हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं. १८४२ साली मॅथिसन अमाप पैसा घेऊन मायदेशी परतला, पुढच्या वर्षी मेरी जेन पर्सिव्हलशी लग्न केलं आणि १८४४ साली सीफोर्थच्या मॅकेन्झी घराण्याकडून अख्खं लुईस बेट एक लाख नव्वद हजार पौंडांना घेतलं. सुमारे चार लाख एकर. त्यावरची वीसेक हजार माणसं अर्थातच कुळं म्हणून त्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यावर गेले. चार्ल्स विल्सन या ग्लासगोच्या वास्तुविशारदाने तो बांधला, काम १८४७ ला सुरू झालं. आता अर्ध्या भागात हॉटेल आणि शेजारी संग्रहालय आहे. तिथे लुईसच्या वाळूत सापडलेल्या, वॉलरसच्या दातांतून कोरलेल्या बुद्धिबळाच्या प्रसिद्ध सोंगट्यांपैकी सहा ठेवल्यात. त्यांच्यासाठी लोक रांग लावतात. मी मात्र बागेत जास्त रमले. झाडं लावण्यासाठी इथे बाहेरून माती आणली होती. एका बीचच्या मुळाशी बसून मी बोटाने जमीन उकरून पाहिली, काळीभोर, भुसभुशीत, कुंडीतल्यासारखी. पन्नास पावलांवर भिंतीपलीकडे हीच जमीन पिवळट, पाणथळ, दगडाळ. चांगली माती बोटीने आणता येते हे ज्याला सुचलं, त्याला कुळांच्या शेतात ती का नेता आली नाही, असं तिथे बसल्या बसल्या मनात आलं आणि दिवसभर गेलं नाही.

तरी त्याच्यावर अन्याय नको. १८४६ साली बटाट्याला करपा लागला. या बेटावर गरिबाचं पोट बटाट्यावरच चालायचं. त्या वर्षांत मॅथिसनने ओटचं पीठ आणि बियाण्याचे बटाटे जहाजं भरभरून आणले. लोकांना रस्ते, बंधारे, निचऱ्याचे चर खणायची कामं दिली. आपल्याकडे दुष्काळात खडी फोडायची कामं निघायची, अगदी तसंच. शाळा काढल्या, स्टॉर्नोवेत गॅस आणि नळाचं पाणी आणलं. मॅथिसनबाईंनी मुलींसाठी शाळा काढली. पीट, म्हणजे दलदलीत कुजून साचलेली जळाऊ माती, तिच्यापासून पॅराफिन काढायचा कारखानाही मॅथिसनने उभारला. तो चालला नाही. दुष्काळातल्या कामाबद्दल १८५१ साली त्याला ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला, तो ‘सर’ जेम्स झाला. कॅलनिशचे पाच हजार वर्षांपूर्वीचे उभे दगडही त्यानेच १८५७ साली पीटमधून मोकळे केले. मी त्या वर्तुळात उभी राहिले तेव्हा गाइडने हात छातीशी लावून दाखवलं, इथपर्यंत पीट साचलं होतं. चांगलं पाच फूट. मधला दगड जवळजवळ तीन पुरुष उंच, आणि त्याच्यावरच्या रेघा हाताला लाकडाच्या नसांसारख्या लागतात.

पण त्याच १८५१ साली दुसरंही घडलं. पीठ वाटून, रस्ते बांधून खंड काही वसूल होईना. मग कारभाऱ्याने गावोगाव फिरून याद्या केल्या. ज्यांची थकबाकी मोठी, त्यांनी कॅनडाला जावं; थकबाकी माफ, जहाजाचं भाडं माफ, गुरं मालक विकत घेणार. नाही म्हणाल तर जमीन सोडायची नोटीस. चार-पाच वर्षांत दोनेक हजार माणसं बेट सोडून गेली. कुणी क्वेबेकच्या जंगलात, कुणी ओंटारिओत ह्यूरन सरोवराच्या काठी. त्याने त्यांना उपाशी मारलं नाही, हे खरं. पण हिशेबाच्या वहीत नावांवर रेघ ओढली तशी माणसं उचलली, आणि हे मला माफ करता येत नाही. पेढीवर वीस वर्षं घालवलेल्या माणसाला वस्ती आणि खातेवही यांतला फरकच दिसेनासा झाला असावा, असं मला वाटतं.

मी राहत होते ते घर एका सत्तरीच्या बाईंचं. त्या स्वतः क्रॉफ्टर, म्हणजे चार-पाच एकरांचा पट्टा, थोड्या मेंढ्या, पीट कापायचा वाटा. घरात बोलणं गेलिक या इथल्या जुन्या भाषेत. मी ‘क्रॉफ्टर’ला आमच्याकडे ‘कूळ’ म्हणतात, हे सांगितलं. त्यांनी दोनदा ‘कूळ, कूळ’ म्हणून पाहिलं. बर्नेराला जा, असं त्यांनीच सांगितलं.

बर्नेरा लुईसच्या पश्चिमेला, आता पुलाने जोडलेलं. मॅथिसनच्या काळात इथला खरा मालक होता फॅक्टर, म्हणजे कारभारी, डोनाल्ड मन्रो. हा वकीलही, सरकारी फिर्यादीही आणि एकामागून एका स्थानिक मंडळाचा अध्यक्षही. दाद मागायची म्हटलं तरी दारात तोच उभा. बर्नेराच्या लोकांची उन्हाळी चराई लुईसच्या बाजूला होती. ती बदलून त्यांना दुसरी जागा दिली आणि तिथे मैलोन् मैल बांध स्वतःच्या हातांनी घाला म्हटलं. त्यांनी तो घातला. मग तीही सोडा म्हटलं. १८७४ च्या वसंतात मन्रोचा माणूस अठ्ठावन्न घरांना जमीन सोडायच्या नोटिसा वाटायला आला, तेव्हा परतीच्या वाटेवर लोकांनी त्याच्यावर ढेकळं फेकली, त्याचा कोट फाटला. एवढंच. याला ‘बर्नेराचा दंगा’ म्हणतात.

त्यानंतर दीडशेच्या आसपास माणसं पायी, बॅगपाइपच्या सुरावर, स्टॉर्नोवेला वाड्यावर आली. सर जेम्स बाहेर आले. मला यातलं काही ठाऊक नाही, ते म्हणाले. लोकांना खायला-प्यायला देऊन परत पाठवलं. त्याच हिरवळीवर मी आदल्या दिवशी सँडविच खाल्लं होतं. पुढे तिघांवर खटला चालला आणि तिघेही सुटले. त्यांचा वकील इन्व्हर्नेसचा चार्ल्स इन्स. त्याने मन्रोला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं, तेव्हा मन्रोने कबूल केलं की अशा बारीकसारीक बाबतीत आपण मालकांना विचारत बसत नाही. अठ्ठावन्न कुटुंबं! पुढच्या वर्षी मन्रोची कारभारीपद सोडून रवानगी झाली. स्मारकापाशी मी बराच वेळ थांबले. उतारावर जुने वाफे अजून दिसतात, समांतर वरंबे, गवताखाली बुजलेले. खांद्यावरून समुद्रशैवाल आणून त्या वरंब्यांना खत घालायचे.

सर जेम्स १८७८ च्या डिसेंबरच्या ३१ तारखेला फ्रान्समध्ये मेंतों इथे गेले. मूलबाळ नव्हतं. बेट मॅथिसनबाईंकडे राहिलं, पुढची जवळजवळ अठरा वर्षं. बागेत नवऱ्याचं स्मारक त्यांनी उभारलं. पण जमिनीच्या बाबतीत त्या नवऱ्यापेक्षा कठोर निघाल्या. बेटाच्या आग्नेयेकडे पार्क नावाचा मोठा भाग आहे. तिथला मेंढ्यांचा मक्ता संपल्यावर भूमिहीन लोकांनी जमिनीसाठी अर्ज केला. बाईंनी नाकारला आणि ते रान हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने दिलं. १८८७ च्या नोव्हेंबरात बॅलॅलनच्या शाळामास्तराने पुढाकार घेतला आणि शेकडो माणसं बंदुका घेऊन त्या रानात शिरली, हरणं मारली, शिजवून खाल्ली. भाडेकरूची बायको वाटेत आडवी आली, तर म्हणे सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, आम्हाला इंग्रजी येत नाही. सरकारने सैन्य धाडलं. एडिंबरोत खटला झाला आणि तिथेही आरोपी सुटले. बॅलॅलनला रस्त्याकडेला त्याचं दगडी स्मारक आहे. आत उभं राहिलं की वारा तीन बाजूंनी येतो.

घराण्यातला एक माणूस मला खूप जवळचा वाटला, तो म्हणजे पुतण्या डोनाल्ड मॅथिसन. हाही पेढीत भागीदार होता. अफूचा व्यापार मनाला पटेना म्हणून १८४९ साली त्याने पेढी सोडली आणि पुढे अफूच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या संस्थेत काम केलं. १८९६ साली बाई गेल्या आणि बेट याच्याकडे आलं. त्याने तीन वर्षांत ते पुढच्या पिढीच्या हवाली केलं. १९१८ साली मॅथिसनांनी लुईस साबणाचा कारखानदार लॉर्ड लिव्हरह्यूम याला विकलं, आणि त्याने १९२३ साली स्टॉर्नोवेची जमीन तिथल्या लोकांच्या ट्रस्टला दिली. पार्कची जमीन लोकांच्या हाती यायला मात्र २०१५ साल उजाडलं.

रविवारी बेटावर बहुतेक सगळं बंद असतं. घरमालकीण बाई चर्चहून आल्या आणि चुलीत पीट घालून माझ्याशेजारी बसल्या. पिटाचा धूर आपल्या गोवऱ्यांच्या धुरापेक्षा सौम्य, किंचित गोडसर. त्यांनी घरातलं जुनं बायबल दाखवलं. पहिल्या कोऱ्या पानावर हाताने लिहिलेली नावं, जन्म-मृत्यूच्या तारखांसह. त्यातल्या पाचांपुढे मृत्यूची तारीख नाही, फक्त ‘कॅनडा’. शेवटचं नाव चार वर्षांच्या मुलीचं. बाईंनी त्या नावावरून बोट फिरवलं. तिथे कागद घासून मऊ झाला होता. ही सवय त्यांच्या आजीचीही होती, त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडून अफू कुठून निघायची? मी एका कागदावर मुंबई काढली: बंदर, कोट, आणि वर भायखळ्याला एक चौकोन. हा चौकोन कसला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हॉस्पिटल. तिकडच्या शेठने त्याच पैशातून १८४५ साली उघडलं. माझा जन्म तिथला.

त्या थोडा वेळ कागदाकडे बघत राहिल्या.

“गरिबाला तिथे पैसे पडतात का?”

फारसे नाही, मी म्हटलं. सरकारी आहे आता. खेडोपाडीची माणसं अजून तिथेच येतात.

“मग बरं आहे,” त्या म्हणाल्या, आणि चुलीत आणखी एक पिटाची वीट सारायला उठल्या.