लग्नाच्या हॉलमधून पाण्याच्या बाटल्या हटवताना

लेकीचं लग्न गेल्या मे महिन्यात ठाण्यात झालं. कार्यातून कचरा कमीत कमी निघावा ही तिची आणि जावयांची इच्छा होती, आणि माझी तर होतीच. पत्रिका, फुलं, पत्रावळी यांत कुठेच काही अडलं नाही. अडलं ते पाण्याच्या 200 मिलीच्या बाटलीवर. त्या बाटलीपायी हॉलच्या ऑफिसात जेवढं बोलावं लागलं, तेवढं सराफ आणि साडीवाले दोघांशी मिळूनही बोलले नसेन. घोडबंदर रोडने जाताना तो हॉल दिसला की अजून चीड येते. ज्यांच्या घरी आता कार्य निघालंय त्यांना उपयोग होईल, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

सोप्या गोष्टी आधी. पत्रिका मोजक्याच छापल्या, देवापुढे ठेवायला आणि वडीलधाऱ्यांच्या हातात द्यायला. बाकी सगळी आमंत्रणं फोन करून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. छापखानावाला पत्रिकेवर चकचकीत प्लास्टिकचा कागद गुंडाळून देत होता, तो नको म्हटलं. 1 जुलै 2022 पासून देशभर ज्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आहे, त्यांत पत्रिकेवरची ही फिल्म, मिठाईच्या खोक्यावरची फिल्म आणि सजावटीचा थर्माकोलही येतो. त्याला हे माहीत होतं. नको म्हटल्यावर त्याने लगेच सुती दोरा बांधून दिला.

डेकोरेटरला एकच प्रश्न विचारा: फुलं कशात खोचणार? बहुतेक ठिकाणी हिरव्या ओल्या स्पंजात खोचतात, त्याला ते ओअ‍ॅसिस म्हणतात. तो दिसतो मऊ, मातीत मिसळेल असा, पण असतो रसायनापासून बनवलेला फेस. तो कुजत नाही, नुसता चुरा होऊन पसरतो, आणि फुलांबरोबर निर्माल्यात गेला की खताची वाट लावतो. आमच्या डेकोरेटरने झेंडू आणि शेवंतीच्या माळा ओवून सोडल्या, गुलछडी पितळी घंगाळात पाणी घालून ठेवली. खर्च वाढला नाही. उलट दुसऱ्या दिवशी सगळी फुलं एका गोणीत भरून सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकता आली.

आता पाणी. हॉल ठरवतानाच मी विचारलं होतं, की बाटल्या नकोत, पिंपं आणि स्टीलचे ग्लास ठेवायचेत, चालेल ना? “होईल हो ताई, तुम्ही म्हणाल तसं,” असं उत्तर मिळालं. पैसे भरल्यावर पावती हातात आली, आणि पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं: बाहेरचे खाद्यपदार्थ व पेये आणण्यास सक्त मनाई. सीलबंद पाण्याचा जार हा त्यांच्या लेखी ‘बाहेरचं पेय’. हॉलचा केटरर ठरलेला, दर ताटामागे, आणि त्या दरातच माणशी दोन बाटल्या धरलेल्या. आमची माणसं साडेचारशे, म्हणजे नऊशे बाटल्या.

लग्नात त्या बाटल्यांचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. दोन घोट पिऊन माणूस बाटली खुर्चीखाली ठेवतो आणि कुणाला तरी भेटायला उठतो. परत येतो तोवर तिथे तीन सारख्या बाटल्या असतात, आपली कुठली ते कळत नाही, म्हणून नवी फोडतो. रात्री सफाईची पोरं अर्ध्या भरलेल्या बाटल्या तशाच काळ्या पिशवीत कोंबतात. पाणी वाया, बाटली वाया, आणि खरकट्यात बरबटल्यावर ती भंगारवालाही घेत नाही.

बुकिंगचा मुलगा म्हणाला, हे केटररचं काम आहे. केटररचा सुपरवायझर म्हणाला, मॅनेजरला विचारा, नियम हॉलचा आहे. मॅनेजर म्हणाले, मालकांची सही लागेल, लेखी अर्ज द्या. अर्ज दिला. मालक संध्याकाळीच येतात. संध्याकाळी गेले की ते साइटवर असायचे. मी बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायची. दर वेळी मॅनेजर माझ्यासमोर एक छोटी बाटली फोडून ठेवायचे आणि मी पर्समधली माझी स्टीलची बाटली काढून टेबलावर ठेवायची. त्यांच्या लक्षात यायचं, पण विषय तसूभर पुढे सरकायचा नाही.

कारणं मात्र बदलत होती. आधी म्हणाले, “मॅडम, बाटलीवर बंदी कुठे आहे?” हे खरं आहे. 2022 च्या केंद्राच्या यादीत प्लास्टिकचे ग्लास, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ आहेत, पाण्याची बाटली नाही. म्हणून कायद्याचं बोट दाखवून हॉलवाल्याला हलवता येत नाही, हे तिथे जाण्याआधीच धरून चाला. मग म्हणाले, फरशी ओली होते, कुणी घसरलं तर? मग म्हणाले, ग्लास धुणार कुठे, पँट्री केटररची आहे. मग तोडगा म्हणून कागदी कप पुढे केले. हा तोडगा तुम्हालाही सुचवला जाईल. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर त्यात पाणी टिकतं, आणि म्हणूनच तो ओल्या कचऱ्यात जात नाही. 2022 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने प्लास्टिकचा थर दिलेल्या कप-ताटल्यांवर बंदी घातली आहे. हे सांगितल्यावर मॅनेजर पहिल्यांदाच गप्प बसले, आणि मला फार बरं वाटलं.

पण सुटलं ते वादाने नाही. सुपरवायझरला बाजूला घेऊन विचारलं, तुमची नेमकी अडचण काय? तेव्हा त्याने सरळ सांगितलं, की बाटल्यांचे पैसे दरात धरलेले असतात, ते कमी करायला मालक तयार होणार नाहीत. मी म्हटलं, कमी करू नका, दर तोच ठेवा, पण बाटली हॉलमध्ये आणू नका. त्यानंतर दोन-तीन दिवसांत मालक भेटले. न प्यायलेल्या पाण्याचे पैसे देऊन बाटल्या नाकाराव्या लागल्या, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. पण नऊशे बाटल्या वाचल्या, आणि पुन्हा वेळ आली तरी मी हेच करीन.

मालकांनी शेवटची अट घातली ती हमीपत्राची, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर. कोर्ट नाक्यावरून पेपर आणला. त्यांनी दिलेल्या मसुद्यात ‘कार्यक्रमादरम्यान उद्भवणाऱ्या आरोग्यविषयक सर्व तक्रारींची जबाबदारी यजमानांची’ असं वाक्य होतं. यावर सही करू नका. उद्या त्यांच्या बासुंदीने कुणाचं पोट बिघडलं तरी ते तुमच्या माथी येईल. आम्ही ते बदलून ‘यजमानांनी स्वतः आणलेल्या पिण्याच्या पाण्यापुरती’ असं लिहून घेतलं. त्यावरही थोडी घासाघीस झाली, पण मी उठून गेले नाही.

पाणी मागवताना थंडगार जगवाल्याच्या भरवशावर राहू नका. त्या जगांना बहुतेक वेळा सील नसतं. सीलबंद 20 लिटरचे जार घ्या आणि त्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक आहे का ते बघा. जारवरच्या लेबलाचा फोटो मी मॅनेजरना आदल्या दिवशीच पाठवून ठेवला होता. हिशेब असा: मे महिना, चार-पाच तासांचं कार्य, माणशी एक लिटर धरा. साडेचारशे माणसांना 23 जार लागतात. आम्ही 30 सांगितले आणि न फोडलेले परत घ्यायचे असं आधीच ठरवून घेतलं. ग्लास भाड्याच्या भांडीवाल्याकडून माणशी दोन, कारण धुऊन येईपर्यंत पुढचा लॉट हातात लागतो. धुण्यासाठी दोन मावशी वेगळ्या सांगितल्या, केटररच्या माणसांवर अवलंबून राहिलो नाही. नळाखाली पसरट घमेली आणि त्याखाली गोणपाट टाकलं, त्यामुळे फरशीची तक्रारच उरली नाही.

विहीणबाई सुरुवातीला धास्तावल्या होत्या. “आमच्याकडची माणसं म्हणतील, साधी पाण्याची बाटलीसुद्धा ठेवली नाही.” मी त्यांना पिंपं दाखवायला घरी बोलावलं. त्यांनीच सुचवलं की पाण्यात वाळा टाकू. वाळ्याच्या जुड्या जांभळी नाक्यावरून आणल्या, नीट धुऊन फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात सोडल्या. दुपारी पाण्याला जो वास येत होता, त्यासाठी लोक परत परत पिंपाशी येत होते. विहीणबाई स्वतः तिथे उभ्या राहून “घ्या ना आणखी” म्हणत होत्या. वृद्ध माणसांना उठावं लागू नये म्हणून भाचे तांब्या-ग्लास घेऊन खुर्च्यांमधून फिरत होते. ही सोय कराच, नाहीतर पहिली तक्रार तिथूनच येते.

एवढं सगळं लेखी झाल्यावरही मुहूर्ताच्या आधी हॉलच्या पोरांनी भटजींच्या पाटाशेजारी आणि स्टेजमागे बाटल्यांची खोकी आणून ठेवलीच. सवयीने ठेवली असतील. सहीचा कागद पिशवीत होता, तो दाखवून ती परत पाठवली. कागद जवळ ठेवा, आणि घरातला एक माणूस फक्त याच्यावर लक्ष ठेवायला नेमा.

अक्षतांचं राहिलं. प्लास्टिकच्या पुड्या न करता कागदी पुड्या केल्या. मोठ्यांचं मन राखायला स्टेजजवळच्या नातेवाइकांना तांदळाच्या अक्षता आणि बाकीच्यांना झेंडूच्या पाकळ्या दिल्या. तांदूळ पायदळी आले नाहीत, म्हणून माझ्या सासूबाई खूश होत्या. पेपर ब्लास्ट मात्र ठाम नाही म्हणायचं. त्या चमचमत्या तुकड्यांना प्लास्टिकचा मुलामा असतो, आणि ते फुलांत मिसळले की वेचून काढता येत नाहीत.

हळद आम्ही सोसायटीच्या आवारात केली. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसं जमणार असतील, तर किमान तीन कामाचे दिवस आधी पालिकेला कळवावं आणि कचरा वेगळा करून द्यावा, असं घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत होतं. आम्ही पत्र देऊन पोच घेतली, काही त्रास झाला नाही. हळदीचं जेवण पळसाच्या पत्रावळींवर झालं. मुरबाडकडून येणाऱ्या बायका त्या विकतात, त्यांना आठवडाभर आधी सांगावं लागतं. द्रोण दुहेरी पानांचे मागा, एकेरीतून आमटी गळते.

हॉल बघायला जाल तेव्हा दर, पार्किंग, एसी यांच्या आधी पाण्याचं विचारा, आणि तोंडी ‘होईल’वर पैसे भरू नका. पावतीवरच ‘पाण्याच्या बाटल्या देणार नाही, यजमान जार व ग्लास आणतील’ एवढं त्यांच्याच हाताने लिहून घ्या. आमचं डिपॉझिट ‘पँट्रीत पाणी सांडलं’ म्हणून अडवलं होतं. रात्री निघताना मी पँट्रीचे आणि फरशीचे फोटो काढून ठेवले होते, ते पाठवल्यावर पूर्ण परत मिळालं.