एक गुडघा साधा, एक सोनेरी

माझ्या उजव्या गुडघ्यात कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा नेहमीचा कृत्रिम सांधा आहे आणि डाव्यात सोनेरी लेप दिलेला. हे कळलं की हमखास प्रश्न येतो, "दोन्हींत फरक काय जाणवतो? मलाही खोटे कानातले चालत नाहीत, मग लेपवालाच बसवून घेऊ का?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चालताना, उठता-बसताना मला काहीही फरक जाणवत नाही. तरीही दुसऱ्या वेळी मी लेपवाला मागून घेतला.

खोट्या दागिन्यांत, बटणांत बऱ्याचदा असतो तो निकेल धातू मला तरुणपणापासून सोसत नाही. जीन्सच्या बटणाखाली, बेंबीजवळ, गोल लाल चट्टा उठायचा. पहिल्या ऑपरेशनच्या आधी हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. जखम पिना मारून बंद केली होती. पाचव्या-सहाव्या दिवशी प्रत्येक पिनेच्या दोन्ही टोकांशी लाल, ओलसर ठिपके आले, थेट मांडीपासून नडगीपर्यंत दोन रांगा. पिना काढल्यावर आठवड्यात ते सुकले. मनातून मात्र एक गोष्ट जाईना. एवढ्याशा पिनांनी हे केलं, तर आतला एवढा धातू काय करत असेल?

पुढे कित्येक महिने गुडघा सुजलेला, आखडलेला. मी वाचत सुटले आणि माझं निदान मीच करून टाकलं, सांध्यातल्या धातूची ॲलर्जी. पॅच टेस्टही करून घेतली. पाठीवर चिकटवलेल्या चकत्या 48 तासांनी काढल्या, चौथ्या दिवशी पाठ पुन्हा तपासली. कोबाल्ट आणि क्रोमियमच्या जागा कोऱ्या होत्या, निकेलची जागा मात्र फुगून खाजत होती. पुरावा मिळाला, असंच मला वाटलं. सांधा काढून दुसरा बसवा, असा हट्ट धरून मी दुसऱ्या सर्जनकडे गेले.

त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग समजावलं. पिनांच्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल 10 टक्क्यांहून जास्त असतं, सांध्याच्या कोबाल्ट-क्रोममध्ये 1 टक्क्याहूनही कमी. शंभरातल्या दहा-पंधरा जणांच्या त्वचेला कुठला ना कुठला धातू सोसत नाही, आणि त्यांतले बहुतेक जण साध्या सांध्यावर बिनघोर चालतात. त्वचेवर पुरळ आलं म्हणजे सांध्यातही तेच चाललंय, असं धरून चालता येत नाही. मग त्यांनी रक्त तपासलं, सुईने सांध्यातलं पाणी काढून जंतुसंसर्ग आहे का ते पाहिलं, एक्स-रे आणि सीटी स्कॅन करून सांधा सैल किंवा तिरका बसलाय का ते बघितलं. काही निघालं नाही. शेवटी त्यांनी टेप घेऊन माझ्या मांड्या मोजल्या. उजवी तीन सेंटीमीटर बारीक भरली, आणि गुडघा पूर्ण सरळ व्हायला दहा अंश कमी पडत होता. आतल्या धातूच्या धास्तीने मी व्यायामच सोडला होता. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली दाबायचा, एवढ्यापासून पुन्हा सुरुवात केली. चार महिन्यांत सूज उतरली. सांधा तोच होता.

म्हणून कळकळीने सांगते, दुखणं राहिलं तर आधी जंतुसंसर्ग नाही ना, हे तपासून घ्या. ॲलर्जीवर शिक्का मारून बसलात आणि आत संसर्ग वाढत राहिला, तर सांधा हातचा जाईल. ॲलर्जीचं नाव बाकी सगळी कारणं खोडून झाल्यावरच घ्यायचं असतं.

मग लेप कशाला? माझ्या डाव्या सांध्यावर टायटॅनियम नायट्राइडचा थर आहे, सोनेरी, केसाहून कितीतरी पातळ. आत कोबाल्ट-क्रोमच. धातूचे कण बाहेर झिरपू नयेत, हे त्या थराचं काम. दुसरा एक प्रकार काळा असतो. त्यात झिर्कोनियमच्या मिश्रधातूचा पृष्ठभागच तापवून सिरॅमिक केलेला असतो. प्रयोगशाळेत लेपामुळे कण कमी सुटतात. पण रुग्णांची तुलना केली, तेव्हा दुखण्यात आणि चालण्यात ठळक फरक दिसलेला नाही. हे सर्जनने मला स्वच्छ सांगितलं होतं. मी म्हटलं, "गुडघा जरा सुजला की मी पुन्हा घाबरून व्यायाम सोडेन, मला माहीत आहे." ते म्हणाले, "मग हा घ्या. तेही कारण पुरेसं आहे."

खरा फरक पडला तो जखमेला. या वेळी पिनांऐवजी आतून विरघळणाऱ्या धाग्याचे टाके घातले, आणि एकही ठिपका उठला नाही. तेव्हा बटण, घड्याळ, कानातले, जे काही बाधतं ते ऑपरेशनच्या आधी सर्जनला सांगाच. सांधा चिकटवायचं सिमेंट ॲक्रिलिकचं असतं, म्हणून कृत्रिम नखांनी किंवा दातांच्या कवळीने त्रास झाला असेल तर तेही सांगा. सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. कुठल्या धातूचा काय बसवलाय ते त्यावर छापलेलं असतं. माझ्या पहिल्या फाइलमध्ये ते होते म्हणून दुसऱ्या सर्जनना अंदाज बांधत बसावं लागलं नाही.

जिना उतरताना आधी कोणता पाय टाकता, असंही काही जण विचारतात. उजवा. पण ती सवय दोन्ही ऑपरेशनांच्या आधीची, उजवा गुडघा जास्त दुखायचा तेव्हाची आहे.